पथकातली शेवटची रांग: पोरांना ऐकायला शिकवून पुढं कसं आणायचं

सरावाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे नवीन पोरांच्या हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, देत नाहीत. येतात बिचारी एवढ्या उत्साहानं, कुणी ढोल बांधायला घरून ओढणी आणलेली असते, कुणी बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळून तयार, आणि आपण सांगतो की आज फक्त उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ताशा ऐकायचा. पहिली पाच मिनिटं हसाहशी, ढकलाढकली. मग हळूहळू शांत होतात, आणि दहा-बारा मिनिटांनी मान आपोआप हलायला लागते, कुणाची बोटं मांडीवर चालायला लागतात, तेव्हा समजायचं की आता कान उघडले.

मी गेली १४ वर्षं पुण्यात ढोल-ताशा पथकात आहे, आधी ढोल वाजवायचे, मग ताशा हातात आला, आणि आता बरीच वर्षं नवीन पोरापोरींकडे बघायचं काम माझ्याकडे आहे. वय साधारण १५ ते २२. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, ताई तुमच्याकडची पोरं एवढी जबाबदारीनं कशी वागतात, आमच्या मंडळात तर बोंबाबोंब, मोठी माणसं बाजूला झाली की सगळं ठप्प. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं, आम्ही काय काय करतो, कुठल्या क्रमानं करतो, आणि कुठं कुठं चुकलो तेही. पथक नसेल तर क्रिकेटची टीम घ्या, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर घ्या, सोसायटीच्या गणपतीची पोरं घ्या, फार फरक पडत नाही.

आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथक मोठं असलं, रांगा ३०-३५ मीटर मागेपर्यंत गेल्या, की शेवटच्या रांगेला ताशा एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. एक दशांश म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण ढोलाला तेवढं पुरतं, मागचे प्रामाणिकपणे जे ऐकू आलं त्यावर वाजवतात आणि पुढच्यांना वाटतं मागचे ओढतायत, मागच्यांना वाटतं पुढचे पळतायत, दोघंही आपापल्या जागी खरे. पहिल्या रांगेत उभं राहून हे कधीच कळत नाही. तुम्ही स्वतः चालत मागे जाऊन शेवटच्या रांगेत उभं राहिलात तरच कळतं. माझ्यामते पोरांमधून लीडर तयार करायचा म्हणजे एवढंच, मागे जाऊन उभं राहायची सवय लावायची. म्हणून आम्ही नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात एकदा पहिल्या रांगेशेजारी, एकदा मधे आणि एकदा अगदी शेवटी उभं करतो आणि विचारतो, काय फरक वाटला. सांगत काही नाही. त्यांचं त्यांना सापडू देतो, आणि ज्या दिवशी एखादा पोरगा म्हणतो की ताई मागे ताशा लेट येतो ओ, कानापेक्षा ताशेवाल्याच्या हाताकडे बघायला पाहिजे, त्या दिवशी त्याचं पहिलं काम झालं.

आता जोडीचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या आठवड्यात एक जुना आणि एक नवीन अशी जोडी लावायची. मित्र-मित्र नको, एकाच कॉलेजचे नको, चिठ्ठ्या टाकून लावलेलं बरं. सराव संपला की पाणी पिऊन झाल्यावर दोघांनी बाजूला बसायचं, मोबाईल एका पिशवीत जमा. पहिली तीन मिनिटं नवीन बोलणार, जुना ऐकणार. ऐकणार म्हणजे ऐकणारच, मधे एकही शब्द नाही, हं हं चालेल. तीन मिनिटं झाली की जुन्यानं आपल्या शब्दांत परत सांगायचं, तू असं असं म्हणालास, बरोबर? आणि नवीन पोरानं हो म्हटलं तरच पुढं जायचं, नाहीतर नाही रे, ते राहिलं, असं म्हणून परत सांगायचं. मग उलट. सगळं मिळून १५ मिनिटं लागतात. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हा नियम भांडणासाठी सांगितला होता, की समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईपर्यंत परत सांगितल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचंच नाही. आम्ही भांडण व्हायची वाट न बघता आधीच सवय लावतो, कारण भांडणाच्या वेळी कुणाला नवीन नियम आठवत नाही.

प्रश्न काय द्यायचा यावर फार अवलंबून आहे. तुझी स्वप्नं काय, तुझा आदर्श कोण असले प्रश्न अजिबात देऊ नका, पोरं शाळेतल्या निबंधासारखं बोलतात. आम्ही विचारतो की तू सरावाला घरून कसा येतोस, किती वेळ लागतो, आणि परत गेल्यावर घरी काय होतं. एवढंच. आणि यातून काय काय बाहेर येतं ते सांगते. एक वर्षी एक बारावीतला मुलगा रोज सराव संपायच्या १५ मिनिटं आधी गायब व्हायचा, जुने वादक चिडलेले, ढोल उचलायच्या वेळी हा पळतो, कामचुकार आहे, काढून टाका. मी पण एकदा सगळ्यांसमोर बोलले त्याला. तो काही बोलला नाही, मान खाली घालून ऐकलं. जोडीला बसला तेव्हा त्याच्या जोडीदाराला कळलं की त्याची शेवटची बस चुकली तर रिक्षाला दोनशे-अडीचशे जातात, आणि आई रात्रीची शिफ्ट करते म्हणून धाकट्या बहिणीला एकटं ठेवता येत नाही, हा घरी पोचल्याशिवाय आई निघू शकत नाही. तीन मिनिटात. आणि आम्ही इतके दिवस त्याला कामचुकार म्हणत होतो. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, ज्या ठिकाणी बोलले त्याच ठिकाणी मागायला पाहिजे होती म्हणून. त्याला सराव सुरू व्हायच्या आधी येऊन ढोल ताणायचं काम दिलं, दोऱ्या ओढून ढोल चढवायला ताकद लागते आणि वेळ लागतो, कुणाला ते काम नको असतं, त्यानं ते इतकं मन लावून केलं की त्या वर्षी आमचे ढोल कधी उतरलेले लागलेच नाहीत.

ऐकताना काय बोलायचं नाही याची यादी पोरांना तोंडपाठ करायला लावा. एवढंच ना. टेन्शन नको घेऊ रे. माझ्या वेळी तर याच्याहून वाईट होतं. मी काय म्हणते, तू असं कर. ही चार वाक्यं आपण सगळे रोज बोलतो आणि समोरचा तिथंच बंद होतो. सल्ला द्यायची घाई ही ऐकण्याची सगळ्यात मोठी शत्रू आहे आणि हुशार पोरांना ती जास्त असते, त्यांना उत्तर लगेच सुचतं ना. त्याऐवजी काय बोलायचं, तर मग पुढं काय झालं, तेव्हा तुला काय वाटलं, आणि आमच्याकडे सगळ्यात चालणारा प्रश्न म्हणजे मी काही करू का, का नुसतं ऐकू? बहुतेक वेळा उत्तर येतं, नुसतं ऐक. कीव करणं वेगळं आणि त्याच्या जागी उभं राहून बघणं वेगळं. बिचारा म्हटलं की आपण वरच्या पायरीवर गेलो, पोरांना हे लगेच कळतं, त्यांना बिचारा म्हटलेलं अजिबात आवडत नाही.

कामाची वाटणी हा पुढचा टप्पा. इथं बहुतेक मंडळं चुकतात असं मला वाटतं, कारण जो जास्त मोठ्यानं बोलतो त्यालाच प्रमुख करतात. आमच्याकडे रांगप्रमुख दर आठ दिवसांनी बदलतो. नवीन जुना काही नाही, पाळी आली की आली. रांगप्रमुखाचं काम तीनच गोष्टींचं, हजेरी घ्यायची, रांगेतलं कुणी दोन दिवस आलं नाही तर फोन करायचा, आणि सराव संपल्यावर रांगेतल्या तिघांना एकच प्रश्न विचारायचा, आज कुठं अडलं? हे तिघं रोज वेगळे. उत्तर वहीत एका ओळीत लिहायचं. फोन करताना का आला नाहीस असं विचारायचं नाही, सगळं बरं आहे ना असं विचारायचं. ऐकायला छोटा फरक वाटतो पण पहिल्या प्रश्नाला कारणं मिळतात आणि दुसऱ्याला खरं उत्तर मिळतं.

लाजरी पोरं या वहीमुळे पुढं येतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय. एक मुलगी होती, दोन महिन्यात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, रांगप्रमुख केल्यावर पहिले दोन दिवस मला येऊन म्हणाली ताई मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला द्या. मी म्हटलं बोलू नकोस, फक्त विचार आणि लिही. आठ दिवसांनी तिची वही बघितली तर पानच्या पानं भरलेली, अमक्याचा ढोल उंच बांधला जातो म्हणून खांदा दुखतो, तमकीला डाव्या हाताची थाप कळत नाही पण विचारायला लाज वाटते, दोघं जण उपाशी येतात कारण क्लासवरून थेट येतात. कुठल्याच प्रमुखाला हे माहीत नव्हतं, मला पण नाही. तिनं स्वतःहून एक डबा ठेवायला सुरुवात केली, चुरमुरे-फुटाणे, ज्याला जमेल त्यानं आणून टाकायचे, कुणी कुणाला विचारायचं नाही. तो डबा अजून चालू आहे. आणि एक, मुलींना कायम हिशोब, खाणंपिणं, रांगोळी आणि मुलांना टेम्पो, ढोल, पोलीस परवानगी अशी वाटणी होऊ देऊ नका, आपोआप होते, लक्ष ठेवावं लागतं.

बैठकीबद्दल. आमच्या बैठका आधी अशा व्हायच्या की चार मोठी माणसं बोलणार, बाकीचे मान डोलावणार, बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर खरी बैठक. आता नियम असा की गोल बसायचं, सगळ्यात नवीन असेल त्यानं आधी बोलायचं आणि पथकप्रमुखानं सगळ्यात शेवटी. प्रमुख आधी बोलला की संपलं, मग सगळे त्याच्याच बोलण्याला धरून बोलतात, कारण विरोधात जायची हिंमत १६ वर्षाच्या पोरात कुठून येणार.

यात मला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा फार उपयोग झाला. धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटं गाव, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार ही घोषणा तिथलीच. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते, २००९ साली, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. तिथं ग्रामसभेत मतदान घेऊन बहुमतानं निर्णय करत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहतात, थांबतात, परत बसतात. आणि ग्रामसभेशिवाय त्यांचे अभ्यास गट असतात, जिथं निर्णय घ्यायचाच नसतो, फक्त विषय समजून घ्यायचा. हे दोन वेगळे ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. आम्ही तेच केलं, मोठा विषय असेल तर पहिल्या बैठकीत निर्णय घ्यायला बंदी, त्या दिवशी फक्त समजून घ्यायचं, निर्णय चार दिवसांनी.

पोशाखाचं उदाहरण सांगते. एका वर्षी नवीन कुर्ते आणि फेटे करायचे ठरत होते, हात वर करून मत घेतलं असतं तर दोन मिनिटात पास, सगळ्यांनाच नवीन हवे होते. पहिल्या बैठकीत कुणी विरोध केला नाही. पण रांगप्रमुखांच्या वह्यांमधून चार दिवसात आलं की सहा-सात जणांना एवढे पैसे भरणं शक्य नाही आणि ते सांगायच्या ऐवजी ते पथक सोडायचा विचार करतायत. पैशाची गोष्ट असेल तर वहीत नावं लिहायची नाहीत, फक्त आकडा, असा आमचा नियम आहे. दुसऱ्या बैठकीत रांगप्रमुखांनी एवढंच मांडलं की सात जणांना अडचण आहे, कोण ते विचारू नका. अर्धा तास शांतता आणि कुजबुज. मग एका पोरानं सुचवलं की कुर्ते जुनेच ठेवू, फक्त फेटे नवीन करू आणि ते सुपारीच्या, म्हणजे वादनाच्या मानधनाच्या, पैशातून करू, कुणी काही भरायचं नाही. सगळे हो म्हणाले. सातपैकी एकही गेला नाही. बहुमतानं गेलो असतो तर सात वादक कमी झाले असते आणि आपल्याला कारण पण कळलं नसतं.

एकमत होत नसेल तर काय, हा प्रश्न येतोच. आमचा तोडगा असा की जो विरोधात आहे त्याला विचारायचं, काय बदललं तर तुला चालेल? नुसतं नको म्हणता येत नाही, काय हवं ते सांगावं लागतं. आणि तातडीची गोष्ट, सुरक्षेची, पोलिसांची, औषधपाण्याची, तिथं प्रमुख ठरवतो आणि बाकीचे ऐकतात, तिथं चर्चा नाही. पोरांना हा फरक आधीच नीट सांगून ठेवा.

भांडणं होणारच. आमच्याकडे ठरलेली भांडणं दोन, ताशेवाले विरुद्ध ढोलवाले आणि जुने विरुद्ध नवीन. एक वर्षी जुने-नवीन प्रकरण इतकं वाढलं की पाणी प्यायला पण वेगळे बसायचे. आम्ही एकत्र जेवण ठेवलं, दोन वेगळ्या पंगती झाल्या. सहल काढायचं चाललं होतं. तेवढ्यात पाऊस वाढला, खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग सुरू झाला. ज्यांनी नदीपात्रात सराव केलाय त्यांना माहितीये, पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, पात्रातला रस्ता बंद, आणि सामान आधी हलवलं नाही तर ढोल वाहून जायची वेळ. रात्री साडेनऊला मेसेज टाकला, जो येऊ शकेल त्यानं या. ३० जण आले, जुने नवीन सगळे, भर पावसात साखळी करून एकेक ढोल वर रस्त्यापर्यंत हातोहात दिला, टेम्पो चिखलात रुतला तो सगळ्यांनी मिळून ढकलला, शेवटचा ढोल चढला तेव्हा कुणाच्या अंगावर कोरडा कपडा नव्हता. दुसऱ्या दिवशीपासून कुणी वेगळं बसलं नाही. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये १९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं शिबिरातल्या पोरांच्या दोन गटांवर हेच बघितलं होतं, एकत्र जेवायला बसवून, एकत्र सिनेमा दाखवून भांडण मिटेना, उलट वाढलं, पण पाण्याची टाकी बंद पडली आणि ट्रक अडकला, म्हणजे तसं मुद्दाम घडवून आणलं, तेव्हा दोन्ही गट एक झाले. आपल्याला मुद्दाम काही बिघडवायची गरज नाही, मंडळाच्या कामात तशा वेळा आपोआप येतात, फक्त त्या वेळी मोठ्या माणसांनी सगळं स्वतः उरकून टाकायचं नाही. पोरांना बोलवा. आणि बोलावल्यावर जुने एका कामाला आणि नवीन दुसऱ्या असं करू नका, साखळीत एक आड एक उभे करा.

आता जी गोष्ट पोरांना सगळ्यात जड जाते ती, म्हणजे जे आपल्यावर चिडलेत त्यांचं ऐकणं. सरावाच्या आवाजाच्या तक्रारी येतात आणि त्या खऱ्या असतात. पोरांचा पहिला सूर असा की आपल्या संस्कृतीला विरोध करतात, वर्षभर हॉर्न वाजतात तेव्हा कुठं असतात हे लोक. २०२४ च्या गणपतीआधी हरित लवादानं एका पथकात ३० जणांच्या वर नकोत अशी मर्यादा घातली आणि सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, तेव्हा तर पोरं जिंकल्यासारखी नाचली. पण कोर्टात स्थगिती मिळाली म्हणून शेजारच्या इमारतीतल्या आजींचं डोकं दुखायचं थांबत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र, हे प्रत्येक वादकाला माहीत असायला पाहिजे, आम्ही पहिल्याच बैठकीत सांगतो.

मग आम्ही काय केलं, तर सरावाच्या जागेजवळच्या इमारतींमध्ये दोघादोघांच्या जोड्या पाठवल्या. एक बोलणारा, एक लिहिणारा. अट एकच, समजावायला जायचं नाही, बाजू मांडायची नाही, फक्त विचारायचं की तुम्हाला आमच्या सरावाचा त्रास कधी आणि कसा होतो, आणि लिहून आणायचं. निघताना म्हणायचं, आम्ही आठ दिवसात परत येऊन काय करतोय ते सांगू. पहिल्या दोन घरांत दार आपटलं. तिसऱ्या घरात एका काकांनी पाऊण तास झापलं आणि पोरं उभी राहून लिहीत राहिली. पण एका घरातून परत आलेल्या पोरीचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणाली ताई, तिथं आजोबांना कानाचं मशीन आहे, ढोल सुरू झाला की ते मशीन काढून ठेवतात, आणि मशीन काढलं की नातवाचं बोलणं ऐकू येत नाही, नातू शाळेतून, क्लासवरून येतो ती नेमकी हीच वेळ, दिवसातला तेवढाच वेळ त्यांना त्याच्याशी बोलायला मिळतो. ती पोरगी बैठकीत हे सांगायला उभी राहिली तेव्हा संस्कृतीवाले पण गप्प झाले.

बदल काय केले ते पण लिहिते म्हणजे कुणाला उपयोग होईल. सराव अर्धा तास आधी संपवायला लागलो. सगळ्या ढोलांचा एकत्र सराव आठवड्यातून तीनच दिवस, बाकीचे दिवस छोट्या तुकड्यांत, आणि हात बसवायचा सराव मांडीवर किंवा जुन्या टायरवर. रांगांची तोंडं इमारतींकडून नदीकडे वळवली. आणि आठ दिवसांनी तीच पोरं त्याच घरांत परत गेली, ज्यांनी दार आपटलं तिथं पण. परत जाणं विसरू नका, ऐकून घेतलं आणि गायब झालो तर न गेलेलं बरं होतं. तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत, पण त्या काकांनी पुढच्या वेळी पोलिसांना फोन करायच्या आधी आमच्या पोरीला फोन केला, नंबर तिनं स्वतः देऊन ठेवला होता.

एक गंभीर गोष्ट. तुम्ही पोरांना ऐकायला शिकवलं की कधीतरी कुणीतरी असं काही सांगतं जे १७ वर्षाच्या जोडीदाराला झेपणारं नसतं. घरातली मारहाण, कुणी अंगाला हात लावणं, मरावंसं वाटणं. म्हणून जोडी लावायच्या आधीच सगळ्यांना सांगा की कुणालाही, मी हे कुणालाच सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही. मी तुझ्याबरोबर आहे आणि आपण दोघं मिळून ताईला सांगू, असं म्हणायचं. १८ च्या आतल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलीमानस १४४१६, दोन्ही फुकट. आणि १८ च्या आतल्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळाची बदनामी होईल म्हणून दाबून ठेवणं हा गुन्हा आहे. हे दोन नंबर आमच्या हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असतात. हे वाचून घाबरून जोड्या लावायचं सोडू नका, आपण ऐकलं नाही म्हणून त्या गोष्टी घडायच्या थांबत नाहीत.

मिरवणुकीचा दिवस. पुण्यातली विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या वर चालते, लक्ष्मी रोडवर तर तासन्‌तास उभं राहायचं, ऊन, गुलाल, गर्दी. आवाजात काही ऐकू येत नाही तिथं ऐकायचं कसं? तर डोळ्यांनी. हे पण शिकवावं लागतं. रांगप्रमुखानं दर १५ मिनिटांनी मागे वळून प्रत्येकाचा चेहरा बघायचा. आमच्या खुणा ठरलेल्या आहेत, एक बोट वर म्हणजे पाणी, मूठ छातीवर म्हणजे चक्कर येतेय, ढोल उतरवून घ्या, तळहात आडवा म्हणजे गर्दीत कुणीतरी त्रास देतंय. तिसरी खूण मुलींनीच सुचवली, जोड्यांमधून पुढं आली, आणि त्यावर काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं, दोन्ही बाजूचे ढोल लगेच जवळ सरकतात आणि मधे जागाच उरत नाही, वादन थांबत नाही. खूण झाली की विचारत बसायचं नाही, खरंच चक्कर येतेय का असं तर नाहीच, आधी ढोल घ्यायचा.

आणि मोठ्या माणसांनी त्या दिवशी कुठं चालायचं? मागे. पुढं ध्वजाजवळ मिरवायचं नाही. मी शेवटच्या रांगेच्या मागं पाण्याची कॅन आणि प्रथमोपचाराची पिशवी घेऊन चालते, आणि शक्यतो तोंड उघडत नाही. पोरं चुकतात, एकदा बेलबाग चौकात एका रांगप्रमुखानं चुकीच्या वेळी रांग बदलली आणि सगळा गोंधळ झाला, माझी जीभ अगदी टोकाला आली होती, पण बाजूच्या रांगेच्या पोरानं हात वर करून ताशाला थांबवलं, चार ठोके जाऊ दिले आणि परत लावून घेतलं. मी बोलले असते तर ते दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले असते.

विसर्जनानंतर आठ दिवसांनी शेवटची बैठक घ्या, लगेच नको, झोप आणि आवाज परत येऊ द्या. कौतुक-बिवतुक थोडक्यात उरका, आणि प्रत्येकानं दोनच गोष्टी सांगायच्या, या वर्षी माझं कुणी ऐकलं आणि मी कुणाचं ऐकायला कमी पडलो. नाव घेऊन, त्या माणसाकडे बघून. या बैठकीला तीन-चार तास लागतात, चहा दोनदा करावा लागतो. मागच्या बैठकीत तो बसवाला मुलगा, आता इंजिनीअरिंगला आहे, ढोल ताणायच्या कामावर तीन नवीन पोरं तयार केलीत त्यानं, तो माझ्याकडे बघून म्हणाला की ताई त्या वर्षी तुम्ही माफी मागितली नसती तर मी दुसऱ्या दिवशी येणारच नव्हतो, बसचा पास पण संपवून टाकला होता.

वह्या जपून ठेवा. पुढच्या वर्षी वाद्यपूजनाच्या आधी नवीन रांगप्रमुखांना त्या वाचायला द्यायच्या, कुणाचा खांदा दुखतो, कोण उपाशी येतं, कुठल्या घरात आजोबांना मशीन आहे, सगळं त्यात असतं. आणि चुरमुऱ्यांचा डबा बघून ठेवा, झाकण नीट लागत नाही, पावसात सादळतात.